नॉर्मल, पण कुणाचं?

पूर्वी लोक पत्रिका घेऊन ओळखीच्या गुरुजींकडे जायचे. हल्ली रिपोर्ट घेऊन माझ्याकडे येतात. येतात म्हणजे मोबाईलवर फोटो पाठवतात आणि खाली एक ओळ लिहितात, "जरा बघून सांग ना, घाबरण्यासारखं काही नाही ना?" फोटो उघडला की ठळक केलेला एक आकडा दिसतो, त्याच्या शेजारी वर टोक केलेला बाण. बाकीचे वीस आकडे कुणी वाचलेले नसतात. सगळं घर त्या एका बाणावर अडकलेलं असतं.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकते. सत्तावीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली, त्यातली बरीचशी बायोकेमिस्ट्रीच्या टेबलावर. बल्बवर नाव टाकायचं, रक्त सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवायचं, वरचं सिरम मशीनला द्यायचं आणि आलेला आकडा डॉक्टरांच्या सहीसाठी पुढे ठेवायचा, हे माझं काम. त्यामुळे कुणाला काय झालंय हे मी सांगू शकत नाही आणि सांगतही नाही. पण आकडा कसा जन्माला येतो आणि तो किती बोलू शकतो, एवढं मला नक्की ठाऊक आहे.

या रिपोर्टांत सगळ्यात जास्त घबराट उडवणारे कुठले असतील, तर हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झालेल्यांचे. सीपीके, सीपीके-एमबी, ट्रोपोनिन, एसजीओटी, एसजीपीटी, एलडीएच. सगळ्यांचे बाण वर. कधी दुप्पट, कधी दहापट, तर कधी दोनशेपट! आणि तिसऱ्या रकान्यात शांतपणे छापलेलं असतं, 'नॉर्मल रेंज'. माझं म्हणणं या तिसऱ्या रकान्याबद्दल आहे. ती रेंज त्या पेशंटची नसतेच. ती दुसऱ्याच कुणाची तरी असते, आणि हे त्या कागदावर कुठेही लिहिलेलं नसतं.

आधी एन्झाइम म्हणजे काय ते बघू. शाळेच्या पुस्तकात त्याला 'विकर' म्हणायचे. आपल्या प्रत्येक पेशीच्या आत रासायनिक कामं चाललेली असतात आणि ती वेगाने उरकणारे हे कामगार. त्यांची जागा पेशीच्या आत. रक्तात ते थोडेफार सापडतात, कारण पेशी रोज मरतात आणि नव्या होतात. पण अचानक पुष्कळ दिसायला लागले, तर कुठेतरी भिंत फुटली असं समजायचं. आता गंमत अशी, की बहुतेक एन्झाइमं आम्ही मोजत नाही, त्यांचं काम मोजतो. सिरममध्ये ठरावीक रसायन घालायचं आणि ते किती वेगाने बदलतं ते ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशात पाहायचं. रिपोर्टावरचं 'युनिट्स पर लिटर' हे त्या कामाच्या वेगाचं माप आहे.

या सगळ्याची सुरुवात १९५४ साली न्यूयॉर्कमध्ये झाली. जॉन लाड्यू, फेलिक्स रोब्लेव्स्की आणि आर्थर कार्मेन या तिघांनी दाखवून दिलं, की हार्ट अटॅक आल्यानंतर रक्तातलं एसजीओटी वाढतं आणि मग काही दिवसांत खाली येतं. छातीच्या आत न बघता, नुसत्या हातातून काढलेल्या रक्तावरून हृदयाचा स्नायू मेल्याचं कळू शकतं, ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट असेल! आज तेच एसजीओटी आपण 'लिव्हरची टेस्ट' म्हणून ओळखतो. एन्झाइम तेच, माणसाचं शरीरही तेच. पुढे कळत गेलं, की हे एसजीओटी हृदयात आहे तसं यकृतात आहे, हातापायाच्या स्नायूंत आहे, तांबड्या पेशींतही आहे. म्हणजे भिंत फुटली एवढं ते सांगतं, पण कुणाच्या घराची ते सांगत नाही.

मग सीपीके आलं, त्यातला हृदयात जास्त असणारा सीपीके-एमबी हा प्रकार आला, एलडीएच आलं. १९८९ मध्ये जर्मनीत ह्यूगो काटुस यांच्या गटाने ट्रोपोनिन टी मोजण्याची पद्धत मांडली आणि हळूहळू ट्रोपोनिनने बाकीच्यांना मागे टाकलं. ट्रोपोनिन खरं तर एन्झाइम नाही, हृदयाच्या स्नायूच्या तंतूंमधलं एक प्रथिन आहे. पण वॉर्डात सगळे त्याला 'कार्डियाक एन्झाइम' म्हणूनच हाक मारतात, त्यामुळे आपणही इथे तसंच म्हणू.

आता 'नॉर्मल रेंज' कशी ठरते? निरोगी माणसं गोळा करायची, त्यांचं रक्त तपासायचं, आकडे ओळीने लावायचे, दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडून द्यायचे आणि मधले ९५ टक्के म्हणजे नॉर्मल. (ट्रोपोनिनसाठी वरचा १ टक्का सोडतात.) याचा अर्थ नीट बघा. निरोगी माणसांतलेच शंभरातले पाच जण प्रत्येक टेस्टमध्ये रेंजच्या बाहेर पडणार, कारण तशी व्याख्याच केलेली आहे. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस टेस्ट केल्या, तर ठणठणीत माणसाला किमान एक तरी बाण मिळण्याची शक्यता जवळजवळ ६४ टक्के येते. 'होल बॉडी चेकअप'च्या पॅकेजमधून बाण न घेता घरी येणारा माणूस विरळाच, ते यामुळे.

पण आपला मुद्दा त्याच्याही पुढचा आहे. ही रेंज ज्यांच्या रक्तावरून ठरली, त्यांपैकी कुणाचीही छाती आदल्या दिवशी उघडलेली नव्हती.

झडपेच्या ऑपरेशनमध्ये काय काय होतं ते डोळ्यांपुढे आणा. छातीच्या मधलं हाड करवतीने कापतात. रक्त हृदयाऐवजी मशीनमधून फिरवतात. या मशीनला ऑपरेशन थिएटरात नुसतं 'पंप' म्हणतात. महाधमनीला क्लॅम्प लावतात, म्हणजे हृदयाच्या स्वतःच्या स्नायूचा रक्तपुरवठा बंद. पोटॅशियमचं थंड द्रावण देऊन धडधडणारं हृदय थांबवतात. मग सर्जन खराब झालेली झडप कापून काढतो आणि नवी टाक्यांनी शिवतो. डाव्या बाजूची मायट्रल झडप असेल, तर तिथे पोचायला हृदयाचा कप्पाच कापावा लागतो. तास-दीड तास, कधी त्याहून जास्त वेळ हृदय असं निश्चल पडून असतं. शेवटी क्लॅम्प काढतात, रक्त परत वाहू लागतं, आणि हृदय पुन्हा चालू होतं. कधी आपणहून, कधी शॉक देऊन.

आता हिशेब करा. छातीचे स्नायू दुखावले, सीपीके वाढणार. पंपातून आणि सक्शनमधून फिरताना तांबड्या पेशी फुटल्या, एलडीएच आणि एसजीओटी वाढणार. हृदयाचा स्नायू कापला, शिवला, तास-दीड तास रक्तावाचून राहिला, सीपीके-एमबी आणि ट्रोपोनिन वाढणार. पंपावर असताना यकृताला कमी रक्त मिळालं, त्याचेही आकडे थोडे हलणार. यातलं काहीही झालं नाही, एकही आकडा हलला नाही, तर उलट मी विचारीन की बल्बवर नाव बरोबर टाकलंय ना!

गेल्या वर्षीची गोष्ट. माझ्या मावसबहिणीच्या यजमानांची महाधमनीची झडप बदलली. वय एकसष्ट, झडप चुन्यासारखी कडक झालेली, जिना चढताना चक्कर येऊन पडले तेव्हा कळलं. ऑपरेशन व्यवस्थित झालं असं सर्जनने बाहेर येऊन सांगितलं. रात्री साडेअकराला भाच्याचा फोन. "मावशी, पप्पांचा ट्रोपोनिनचा रिपोर्ट अ‍ॅपवर आलाय. नॉर्मल २६ पर्यंत पाहिजे, पप्पांचं ४,३०० आहे. इंटरनेटवर बघितलं, एवढं म्हणजे मॅसिव्ह अटॅक. हे लोक आमच्यापासून लपवतायत."

आयसीयूतल्या निवासी डॉक्टरला त्याने विचारलं होतं. तो "एक्स्पेक्टेड आहे" एवढं बोलून आत गेला होता. आत अकरा पेशंट होते, त्यामुळे त्यालाही मी दोष देणार नाही. पण त्या दोन शब्दांच्या आणि त्या एका आकड्याच्या मध्ये जी पोकळी राहिली, ती भाच्याच्या काकांनी भरून काढली. काकांचं ठाम मत पडलं, की ऑपरेशन टेबलावरच अटॅक आलेला आहे, आत्ताच्या आत्ता अँब्युलन्स बोलवा आणि पेशंटला दुसऱ्या हॉस्पिटलात हलवा. ओळखीच्या नगरसेवकाला फोनही लावून झाला होता.

व्हेंटिलेटरवरच्या, छातीतल्या नळ्या अजून वाहत असलेल्या माणसाला, ऑपरेशननंतर दहाव्या तासाला, मध्यरात्री, रस्त्याने हलवायचं! कशासाठी, तर एका बाणासाठी.

मी भाच्याला चार प्रश्न लिहून घ्यायला सांगितले. रक्त ऑपरेशननंतर कितव्या तासाला घेतलंय? पुढचं सॅम्पल कधी घेणार? ईसीजीत नवीन काही बदल आहे का? बीपी टिकवायला लागणारी औषधं वाढवावी लागतायत की कमी होतायत? हे चार प्रश्न आत जाऊन शांतपणे विचार आणि उत्तरं मिळाल्याशिवाय कुणालाही हलवू देऊ नकोस, म्हटलं. त्याच निवासी डॉक्टरने चारही उत्तरं दिली, तीसुद्धा तीन मिनिटांत. ईसीजीत नवीन काही नव्हतं, औषधं कमी होत चालली होती, पुढचं सॅम्पल सकाळी सहाला होतं. सकाळी आकडा २,९०० आला. नॉर्मलच्या शंभरपटीहून जास्त, बाण तसाच वर. पण घरातल्या सगळ्यांना पहिल्यांदाच झोप लागली.

त्या घरात रात्रीतून काय बदललं? रेंज तीच होती. बदललं ते एवढंच, की एकट्या आकड्याला शेजारी दुसरा आकडा मिळाला आणि घड्याळ मिळालं.

हे मी केवळ अनुभवावरून बोलत नाही. २०२२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक मोठा अभ्यास आला. १२ देशांतल्या १३,८६२ हृदयशस्त्रक्रियांचे ट्रोपोनिनचे आकडे तपासून त्यांनी विचारलं, की ऑपरेशननंतर नेमक्या कुठल्या आकड्यापासून पुढच्या तीस दिवसांत मृत्यूचा धोका वाढलेला दिसतो? बायपास किंवा महाधमनीच्या झडपेच्या ऑपरेशननंतर पहिल्या दिवशीचा तो आकडा निघाला ५,६७०, म्हणजे छापील नॉर्मलच्या २१८पट. हृदयाच्या इतर ऑपरेशनांसाठी १२,९८१, म्हणजे ४९९पट! त्याआधीच्या व्याख्यांमध्ये दहापट, सत्तरपट असले उंबरठे होते. म्हणजे खुद्द तज्ज्ञांनाही कळायला इतकी वर्षं लागली, की हृदय उघडलेल्या माणसाचं 'जास्त' हे वेगळ्याच मजल्यावर असतं. मग रात्री साडेअकराला मोबाईल हातात धरून बसलेल्या मुलाने काय करावं?

(लगेच हे आकडे वहीत उतरवून घेऊ नका. ट्रोपोनिनचं प्रत्येक कंपनीचं मशीन वेगळं, आणि त्याची वरची मर्यादाही वेगळी. एका मशीनचा आकडा दुसऱ्या मशीनच्या पट्टीवर लावता येत नाही. शिवाय हा अंदाज मोठ्या गटाचा आहे, एकट्या माणसाचं भविष्य त्यातून निघत नाही.)

आता याचा अर्थ 'ऑपरेशननंतर सगळं वाढतंच, सोडून द्या' असा कुणी काढला, तर तेही तितकंच घातक आहे. काही वेळा आकडा खरोखरच ओरडून सांगत असतो. सीपीके-एमबी आणि ट्रोपोनिन एरवी पहिल्या चोवीस तासांच्या आसपास शिखर गाठून उतरू लागतात. उतरणं थांबलं, किंवा उतरलेला आकडा परत चढला, तर काहीतरी नवीन घडलंय. झडप शिवताना जवळून जाणारी हृदयाची रक्तवाहिनी टाक्यात सापडली, असं क्वचित होतं. तेव्हा आकड्याबरोबर ईसीजी आणि इकोही बोलतात. एसजीओटी-एसजीपीटी एकदम हजारांत गेले, तर यकृताला बराच वेळ रक्त कमी पडल्याची ती खूण असते. म्हणून आकडे बघायचेच. फक्त एकेकटे बघायचे नाहीत. सिनेमाच्या एका चित्रावरून माणूस जिना चढतोय की उतरतोय हे कसं कळणार?

हे झालं ऑपरेशननंतरचं. पण झडपेच्या पेशंटच्या रक्तातले आकडे ऑपरेशनच्या कितीतरी आधीपासून बोलत असतात, आणि तेव्हा मात्र ते ऐकायला कुणी नसतं. माझी खरी तक्रार इथे आहे.

आमच्या लॅबमध्ये एकदा एका चोवीस वर्षांच्या मुलीचं सॅम्पल आलं. सिरम पिवळंजर्द. बिलिरुबिन वाढलेलं, अल्कलाइन फॉस्फटेज आणि जीजीटी वाढलेलं, एसजीओटी थोडंसं वर. कागदावर लिहिलेलं, 'कावीळ?'. गावाकडे तिला तीन महिने काविळीचं झाडपाल्याचं औषध दिलं होतं. तिला कावीळ यकृताच्या रोगाने झालेलीच नव्हती. लहानपणी घसा दुखून आलेल्या संधिवाताच्या तापाने तिची मायट्रल झडप आकसली होती. रक्त मागे तुंबत तुंबत फुप्फुसात, तिथून हृदयाच्या उजव्या बाजूला, तिथली झडप गळायला लागली आणि शेवटी यकृत फुगलं. पायावर सूज होती, दोन उशा घेतल्याशिवाय झोप येत नव्हती. हे सगळं तिच्या आईने सॅम्पल देताना मला सांगितलं, कारण तोवर तिला तसं कुणी विचारलेलं नव्हतं.

पुढे सरकारी योजनेतून तिचं ऑपरेशन झालं. पण यकृत एवढं तुंबेपर्यंत थांबलेल्या पेशंटचं ऑपरेशन जास्त जोखमीचं असतं, रक्तस्राव जास्त होतो, आयसीयूतले दिवस वाढतात. ते आकडे काय सांगत होते? ते सांगत होते, की ही मुलगी आपल्यापर्यंत पोचायला काही वर्षं उशीर झालाय. त्या रिपोर्टात मला यकृत दिसलं नाही, वाट पाहणं दिसलं.

संधिवाताचा ताप, म्हणजे ऱ्हुमॅटिक फीवर, हा घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूमुळे सुरू होतो. घसा वेळेवर पेनिसिलिनने बरा केला तर तो टाळता येतो. एकदा येऊन गेला असेल, तर दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यायचं, म्हणजे झडपा आणखी खराब होत नाहीत. श्रीमंत देशांतून हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. दाटीवाटीने राहणाऱ्या गरिबांत मात्र तो टिकून आहे. जागतिक आरोग्य सभेने २०१८ साली त्यावर खास ठराव केला. आपल्याकडे झडप बदलायला येणाऱ्या तरुण मुलामुलींत हे कारण आजही फार मोठं आहे. झडप बनवण्यात आपण मागे नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या पुढाकाराने तयार झालेली 'चित्रा' झडप १९९० मध्ये पहिल्यांदा पेशंटला बसवली गेली, आणि परदेशी झडपेपेक्षा ती कितीतरी स्वस्त होती. कमी पडतं ते साधं इंजेक्शन आणि ते देत राहण्याची चिकाटी.

आणि तिसरा काळ म्हणजे ऑपरेशननंतरची वर्षं. धातूची झडप बसवलेल्या माणसाला घरी सोडताना रक्त पातळ ठेवायची गोळी आणि 'पीटी-आयएनआर करत राहा' एवढं बजावून सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण त्याच माणसाला काही वर्षांनी थकवा यायला लागला, चेहरा फिका दिसायला लागला, लघवी गडद व्हायला लागली, तर गल्लीतला डॉक्टर लोहाच्या गोळ्या देऊन मोकळा होतो. अशा वेळी एलडीएच नावाची साधीशी टेस्ट फार मोलाची. झडपेच्या कडेने टाके सुटून रक्त जोरात झिरपायला लागलं, तर तांबड्या पेशी तिथे आपटून फुटतात आणि एलडीएच वाढतं. थोडंसं वाढलेलं एलडीएच धातूच्या झडपेबरोबर असतंच. म्हणून पुन्हा तेच! त्या माणसाचं गेल्या वर्षीचं एलडीएच किती होतं, हे ठाऊक असेल तर आजच्या आकड्याला अर्थ. (आणि सॅम्पल काढताना रक्त बल्बमध्ये जोराने ढकललं तरी पेशी फुटून एलडीएच खोटं वाढतं. सिरम लालसर दिसलं तर आम्ही तसं लिहितो, पण ती बारीक अक्षरातली ओळ कोण वाचतो?)

म्हणजे बघा, एकाच माणसाच्या रक्तातले हे आकडे. ऑपरेशनच्या आधी ते उशीर सांगतात, ऑपरेशननंतर हृदयाने काय सोसलं ते सांगतात, आणि पुढे वर्षानुवर्षं नवी झडप कशी नांदतेय ते सांगतात. आपण मात्र तिन्ही वेळा त्यांना एकाच तिसऱ्या रकान्याशी ताडून बघतो.

यावर डॉक्टर मंडळींचं एक उत्तर मी नेहमी ऐकते. "म्हणूनच सांगतो, रिपोर्ट पेशंटच्या हातात देऊच नयेत. कळत काही नाही आणि घाबरतात." मला हे मुळीच पटत नाही. २००२ सालच्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांप्रमाणे मागितलेली कागदपत्रं ७२ तासांत द्यावी लागतात, तो पेशंटचा हक्क आहे. आणि हक्काचं सोडा, माझ्या भाच्याला रिपोर्ट दिसला नसता तर त्याची भीती कमी झाली असती का? बंद दाराकडे बघून माणूस जास्तच घाबरतो. रिपोर्ट दिसण्यात काही वाईट नव्हतं, तो एकटाच दिसला हे वाईट.

दुसरं उत्तर, "वेळ कुठे आहे?" हे मात्र खरं आहे. एका निवासी डॉक्टरच्या जिवावर आख्खं आयसीयू चालतं, हे मीही बघितलंय. पण माझं म्हणणं असं, की यातलं बरंचसं काम वेळ न घालवताही होण्यासारखं आहे. आजच्या मशीनला पेशंटचे जुने आकडे आठवतात. मग हृदयाच्या ऑपरेशनच्या पेशंटचा रिपोर्ट छापताना शेजारी आधीचे दोन आकडे आणि सॅम्पलची वेळ छापायला काय हरकत आहे? खाली एक ओळ टाकता येईल, 'ही मर्यादा निरोगी व्यक्तींची आहे. शस्त्रक्रियेनंतर आकडे वाढणे अपेक्षित असते, अर्थ डॉक्टरांकडून समजून घ्यावा.' मराठीत, मोठ्या अक्षरात. लॅबला याचा खर्च शाईपुरता. ऑपरेशनच्या आधी संमतीपत्रावर सही घेताना सोळा पानं पुढे सरकवतात, त्यात एक वाक्य तोंडी सांगितलं, "उद्या रात्री आकडे खूप वाढलेले दिसतील, ते परवापासून उतरायला लागले पाहिजेत", तर अर्धी मध्यरात्रीची भांडणं होणारच नाहीत. ऑपरेशनआधी दिलेल्या या एका वाक्याची किंमत, ऑपरेशननंतरच्या दहा खुलाशांपेक्षा जास्त असते. आधी सांगितलं की ती माहिती असते, नंतर सांगितलं की ती सारवासारव वाटते.

आणि थोडं आपणही शिकायला हवं. आकड्याचा आपल्याला फार मोह. दहावीचे टक्के, लग्नाला छत्तीस गुण, आता ट्रोपोनिन. एका आकड्यात माणूस मावावा अशी आपली फार इच्छा असते. पण शरीर तसं मावत नाही.

घरात कुणाचं झडपेचं ऑपरेशन असेल तर एक साधी दोनशे पानी वही करा. आधीचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा. ऑपरेशननंतर प्रत्येक आकड्यापुढे तारीख आणि वेळ लिहा. विचारताना "नॉर्मल आहे का?" असं विचारू नका, कारण त्याचं खरं उत्तर 'नाही' असंच येणार. "कालपेक्षा कसं आहे?" असं विचारा. या प्रश्नाला कितीही घाईतला डॉक्टर उत्तर देतो, कारण तो स्वतःही तेच बघत असतो. घरी आल्यावर दोन-तीन महिन्यांनी, सगळं स्थिरस्थावर झालं की, हिमोग्लोबिन आणि एलडीएच एकदा करून ठेवावं का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा आणि आकडा वहीत जपून ठेवा. तो त्या माणसाचा स्वतःचा नॉर्मल. पुढच्या आयुष्यात छापील रेंजपेक्षा तोच जास्त उपयोगी पडेल.

घरात एखाद्या पोराचा घसा वारंवार दुखत असेल, ताप येऊन सांधे सुजत असतील, तर गुळण्यांवर भागवू नका, डॉक्टरांना दाखवा. ही वही ज्यांना कधी करावीच लागू नये, अशी पोरं वाढली तर त्याहून चांगलं काय!

तुमच्यापैकी कुणी आयसीयूत काम करत असेल, किंवा कुणाच्या घरी हे सगळं होऊन गेलं असेल, तर जरूर लिहा. विशेषतः तुमच्या हॉस्पिटलात आकड्यांबरोबर वेळ आणि आधीचे आकडे छापून देत असतील, तर ते मला वाचायला फार आवडेल.